मागील मृत्युपत्रातले कलम सहा आणि आमची मिक्सी

मी, खाली सही करणारा हिम्मतराव व्यंकटराव बिरादार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, विद्युत खात्याचा निवृत्त नोकर, मूळचा भालकीकडचा, हल्ली राहणार काचीगुडा, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि खोलीची कडी आतून लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसे प्रमाणपत्र समोरच्या फ्लॅटमधल्या डॉ. सुजाता यांनी दिलेले असून ते सोबत टाचले आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करीत जायला सांगितले. हे प्रश्न कोणाच्या सांगण्यावरून विचारता, असे मी त्यांना विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, "काका, तुमची बुद्धी जरा जास्तच शाबूत आहे," आणि सही करून दिली.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणायचा प्रयत्न झाला होता, तो कोणी केला ते योग्य जागी येईल.

या मृत्युपत्राची पाने ~~सात~~ आठ आहेत. सात हा आकडा मीच खोडला असून शेजारी सही केली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही आहे आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली आहे. रेघेखाली कोणाला काही लिहिलेले आढळले तर ते माझे नव्हे.

वकील हर्षवर्धन यांचा आग्रह होता की दस्तऐवज इंग्रजीत करावा, नाहीतर कोर्टात तर्जुमा द्यावा लागतो. पण जे मला शब्दन् शब्द कळत नाही त्यावर मी उभ्या आयुष्यात सही केलेली नाही. तर्जुमा करणाऱ्याने करावा. तो बरोबर केला की नाही हे शैलाने तपासावे.

कलम एक. माझी पत्नी सावित्रीबाई २०२१ साली वारली. एकुलता मुलगा गौतम त्यानंतर वर्षभरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसातून घरी येताना छातीत कळ येऊन गेला. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, कारण मग हे मृत्युपत्र पुरे होणार नाही. आता घरात मी, गौतमची बायको शैला आणि त्यांची मुलगी मानसी, असे तिघे आहोत. शैला पुण्याची. विद्यानगरच्या एका शाळेत गणित शिकवते. मानसी इंटरला आहे. तिला मराठी बोलता येते, वाचताना मात्र ती जोडाक्षरापाशी थांबते.

कलम दोन. सप्टेंबर २०२३ मध्ये मी एक मृत्युपत्र नोंदवले होते. त्याची एक प्रत माझा पुतण्या युवराज याच्याकडे आहे. ते मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करतो. त्यात राहता फ्लॅट युवराजच्या नावे केला होता. कलम सहामध्ये लिहिले होते: "सून शैला ही माझ्या मयत पत्नीची तांब्यापितळेची भांडी दर काही दिवसांनी पिशवीत घालून घराबाहेर नेते व विकते, सबब तिला स्थावरात कोणताही हिस्सा देऊ नये, व माझ्या पश्चात तिने तीन महिन्यांच्या आत घर रिकामे करावे." हे वाक्य माझे आहे. वकिलाने सुचवलेले नाही. ते खोटे आहे. कसे खोटे, ते कलम चारमध्ये येते.

कलम तीन. काचीगुड्याचा तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. त्यात वाडवडिलांचा एक पैसा नाही, त्यामुळे भावकीतल्या कोणाचाही त्यावर हक्क पोचत नाही. हा फ्लॅट मी सून शैला गौतम बिरादार हिला पूर्ण मालकीने देतो. ती त्यात राहील, भाड्याने देईल, विकेल, पुन्हा लग्न करून नवऱ्याला घेऊन राहील, कोणी विचारायचे नाही.

कलम चार. वरचा बदल का केला याचे कारण लिहितो. उद्या युवराज कोर्टात म्हणेल की सुनेने म्हाताऱ्याला काहीतरी खाऊ घालून लिहून घेतले. म्हणून सगळे सविस्तर.

मी विद्युत खात्यात मीटर तपासणीच्या पथकात होतो. मीटरचे सील कोणी तोडले, तोडून पुन्हा बसवले, हे शोधण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. शिशाच्या सीलवर नखाएवढा ओरखडा दिसला तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची, आणि दहापैकी नऊ वेळा ती बरोबर चुकचुकायची. दहाव्या वेळेची मी कधी मोजदाद ठेवली नाही. लोक शिव्या देत. एकदा सुलतान बाजारात एका बाईने माझ्या अंगावर भांड्यातले पाणी फेकले होते. सील तोडलेलेच होते, तरीही.

घरी कोणतीही वस्तू बिघडली तर ती मी स्वतः दुरुस्त करीत असे. बाहेर द्यायची नाही असा माझा नियम होता, कारण बाहेरचा माणूस आतला चांगला भाग काढून जुना घालतो. १९८८ साली आम्ही पहिली मिक्सी घेतली. तेव्हापासून दोन मिक्सी झाल्या, दोन्ही मीच उघडल्या, मीच पुसल्या, मीच तेल दिले. काम झाले की खालच्या चारही स्क्रूंच्या डोक्यावर मी डाळिंबी नेलपॉलिशचा एकेक ठिपका देत असे, अर्धा स्क्रूवर, अर्धा प्लास्टिकवर. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटतो. हे माझे घरचे सील. नेलपॉलिश घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने "अम्मा का रंग कैसा है?" असे विचारले होते. मी त्याला पावती मागितली.

मी दुरुस्त केलेली मिक्सी पहिल्या दिवशी जराशी जळका वास द्यायची, आणि चार-आठ दिवसांत झकास चालू लागायची. मशीनला माझे काम अंगी लागायला वेळ लागतो, असे मी समजत होतो आणि चारचौघांत तसे सांगत होतो. बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरच्या मिक्सीही मी उघडून दिल्या आहेत.

सावित्रीबाई गेल्यावर तांदळाच्या डब्यात तळाशी नेलपॉलिशची एक बाटली सापडली. कंपनी तीच, रंग तोच. सावित्रीबाईंनी नखे रंगवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी ड्यूटीवर असताना ती रंगवीत असावी आणि मी यायच्या आत खरवडून काढीत असावी, असा मी निष्कर्ष काढला. कोणासाठी, हे मला समजेना. बाटली पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. अडुसष्ट वर्षांची माझी बायको जाऊन तेरावा दिवस व्हायचा होता आणि मी हे करीत होतो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मिक्सी बंद पडली. मी उघडली, तेल दिले, ठिपके दिले. जळका वास आला. पुढच्या शनिवारनंतर ती छान चालू लागली. रविवारी मी ती पुसायला उलटी केली तर ठिपके विटकरी होते. डाळिंबी नव्हते. दुसऱ्या कोणाला फरक कळला नसता. मला कळला. कोणीतरी माझे सील तोडून दुसरे लावले होते.

तिथून मी पाळत ठेवली. शैला महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी अकराच्या सुमाराला बाहेर पडे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेले काहीतरी जड. कुठे निघालीस विचारले की म्हणे, "अफझलगंजला, लायब्ररीत जाऊन येते, बाबा." पुस्तके टॉवेलमध्ये कोण गुंडाळते? दोन-तीन तासांनी परत आली की पिशवी तेवढीच जड. म्हणजे एक नेते आणि दुसरे आणते, असे मी धरले. भांडी मोजली. सावित्रीबाईंच्या माहेरचे पितळी घंगाळ जागेवर नव्हते. मला आणखी पुरावा नको होता. युवराज त्या आठवड्यात नेमका आला होता. तो म्हणाला, "काका, मी कधी बोललो नाही, पण बाहेरून आलेल्या मुली अशाच असतात." मी त्याच्याबरोबर जाऊन मृत्युपत्र नोंदवून आलो. परतल्यावर त्याने स्वयंपाकघराची लांबीरुंदी टेपने मोजली. तेव्हाही माझी पाल चुकचुकली, पण चुकीच्या भिंतीवर चुकचुकते आहे असे मी स्वतःला सांगितले.

यंदाच्या सप्टेंबरात शैलाला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली ती भिंत धरून. घास गिळवेना. डॉ. सुजाता म्हणाल्या, सगळे पातळ करून द्या. मी भोपळा शिजवला आणि मिक्सीत घातला. मिक्सीने ठिणग्या टाकल्या आणि धूर काढून गप्प झाली.

मी ती उघडली. पुसली. तेल दिले. पुन्हा धूर. त्या दिवसात मी ती तीनदा उघडली. पलंगावरून शैला म्हणाली, "राहू द्या बाबा, मला ताक चालेल." मानसी म्हणाली, "आजोबा, छोडो ना, मी ऑर्डर करते, टेन मिनिट्समध्ये नवीन येतंय." दहा मिनिटांत येणारी वस्तू कोणाची तरी परत केलेली असते, असे मी तिला सांगितले. खरे असे की माझ्या हाताला पहिल्यांदाच यश येत नव्हते आणि चार-आठ दिवस थांबायला सवड नव्हती. तिकडे शैला वाटीभर ताकावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिक्सी टॉवेलमध्ये गुंडाळली, शैलाच्याच कापडी पिशवीत घातली आणि चपला घातल्या. मानसीने विचारले, "कुठे?" माझ्या तोंडून निघाले, "लायब्ररीत जाऊन येतो."

बसने अफझलगंजला उतरलो. एका पानवाल्याला मिक्सी दुरुस्त करणारा कुठे म्हणून विचारले. त्याने गल्ली दाखवली. गल्लीत शेवटी जेमतेम एक माणूस मावेल असे दुकान, समोर बाकडे. आत साठीच्या आसपासचा माणूस कुठल्याशा मोटरचे आर्मेचर साफ करीत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. टॉवेल उघडताच मिक्सीकडे पाहिले आणि उठून उभा राहिला.

"अरे, ये तो सावित्री अम्मा की मिक्सी है! शैला अम्मा नै आए? तबियत ठीक है ना उनकी?"

मी विचारले, "तुमकू कैसा मालूम?"

त्याने मिक्सी उलटी केली, ठिपक्यांवर बोट ठेवले आणि मग माझ्याकडे नीट पाहिले. "आप... साब हैं? तेलवाले साब?"

त्याचे नाव यादगिरी. दुकान त्याच्या वडिलांचे. मी त्याला बाकड्यावर बसवून, पूर्वी चोरांना विचारायचो तसे, प्रश्न विचारले. किती वर्षांपासून? म्हणाला, "मेरी शादी के पहले से आते थे अम्मा. चौतीस-पैंतीस साल हुए." काय बिघडलेले असायचे? तो चाचरला. मग म्हणाला, "साब, बुरा नक्को मानो. मिक्सी में कुछ नै बिगडता था. कार्बन घिसे तो बदलना, बस. आप अंदर तेल डालते. तेल जाके कार्बन पे बैठता, फिर जलता. मैं तेल निकालके, कार्बन बदलके देता था. पैंतीस साल से आपकाच तेल निकाल रौं मैं."

मोटरला वीज पोचवणारे जे दोन कार्बनचे तुकडे असतात, त्यांना तेलाचा थेंबही चालत नाही. हे मला माहीत नव्हते. मला मीटरचे ज्ञान होते, मोटरचे नव्हते, आणि दोन्ही एकच असे मी जन्मभर धरून चाललो. बिल्डिंगमधल्या ज्या मिक्सी मी उघडल्या त्याही त्या-त्या घरच्या बायकांनी यादगिरीकडेच आणल्या होत्या.

मी विचारले, ही विटकरी नेलपॉलिश कोणाची? त्याने मागच्या फळीवरून बाटली काढून दाखवली. "अम्मा खुद की लाते थे साथ में. साब देखते, सील वैसाच होना बोलते थे. अम्मा गए बाद वो बाटली घर में मिली नै बोले शैला अम्मा, तो ये नई लाके इधरीच रखे."

ती बाटली मिळणार कशी? ती माझ्या कपाटात, पाकिटात, कुलपात होती.

तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. हे सगळे तुम्ही तिघांनी मिळून ठरवले असेल, असे मी म्हणालो. तो रागावला नाही. म्हणाला, "अम्मा बोलते थे, साब ऐसाच बोलेंगे." मग मी शेवटचा प्रश्न विचारला, की हे मला का सांगितले नाही. त्याने हात पुसले आणि सावित्रीबाई काय म्हणाली होती ते सांगितले. "बोले, साब दिन भर चोरी पकडते, लोगां गाल्यां देते. शाम को घर आके मिक्सी चलती देखते तो बच्चे के जैसा खुश होते. दुनिया में एक चीज तो उनके हात से सुधरना यादगिरी, बोले."

मी त्या बाकड्यावर बसून रडलो. भर गल्लीत. मला माझ्या बायकोच्या कपाळावर संशयाचा डाग लावून चार वर्षे झाली होती आणि ती हे करीत होती.

यादगिरीने तासाभराने या असे सांगितले. मी लायब्ररीत जाऊन बसलो. मराठी पुस्तकांच्या कपाटाशी बसलेल्या बाईंना सहज म्हणून विचारले की बिरादार नावाच्या कोणी येतात का. त्या म्हणाल्या, "शैला मॅडम ना? त्यांच्या सासूबाईही यायच्या. आल्या की तासभर वाचत बसायच्या." म्हणजे लायब्ररीत जाऊन येते, हेही खरेच होते. मी पकडलेल्या चोरीत एक शब्दसुद्धा खोटा निघाला नाही, माझा सोडून.

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. शैलाच्या प्रत्येक शनिवाराआधी मी मिक्सी उघडल्याची नोंद निघाली. घंगाळ २०१४ साली मीच युवराजला त्याच्या मेहुणीच्या लग्नासाठी दिले होते. माझ्याच अक्षरात नोंद आहे.

मिक्सी ओट्यावर ठेवली, भोपळ्याचे सार केले. शैलाने पलंगावरून विचारले, "झाली दुरुस्त? काय झालं होतं?" मी म्हणालो, "कार्बन." मग एवढे सगळे ऐकून आल्यावरही मी म्हणालो, "मीच केली." ती म्हणाली, "बरं आहे बाबा, तुम्ही आहात म्हणून." तिने वाटीभर सार संपवले. मी खोटे बोललो याची नोंद इथे करून ठेवतो.

कलम पाच. बँकेतल्या ठेवी मानसीच्या शिक्षणासाठी आहेत. त्यांचे कागद कुठे आहेत ते शैलाला मी तोंडी सांगेन, इथे लिहिणार नाही, कारण हे पान कोणाकोणाच्या हातून जाईल याची खात्री नाही. ठेवी मोडून अमुक घ्या, तमुक घ्या, असे सांगायला येणाऱ्या तरुणांना दारातून परत पाठवावे. ते नाव विचारतात आणि लगेच काका म्हणायला लागतात.

या मृत्युपत्रात कलम सहा नाही. पान गहाळ झालेले नाही, कोणी काढून घेतलेले नाही. हा आकडा मी मुद्दाम वगळला आहे. पाचानंतर सात येते.

कलम सात. माझी हत्यारांची पेटी: टेस्टर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, सील दाबायची लोखंडी पकड. ही मला यादगिरीला द्यायची होती. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला त्यातून काही मिळाले तर उद्या कोणीही बोट दाखवील असे वकील म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला तरी काही द्यावेसे वाटले आणि त्यातही कायदा आडवा आला. म्हणून पेटी मानसीला. ती कशी वापरायची ते तिने यादगिरीकडून शिकावे, माझ्या वहीतून शिकू नये. तेलाची कुपी मी पेटीतून काढून टाकली आहे.

कलम आठ. पुतण्या युवराज याला मी काही देत नाही. त्याच्याकडे माझ्या पत्नीचे घंगाळ आहे ते त्याने परत आणून द्यावे. २०२३ चे मृत्युपत्र झाल्यापासून तो दर पंधरा दिवसांनी फोन करून माझा रक्तदाब विचारतो. तो वाढला की त्याचा आवाज हळवा होतो. यंदा दिवाळीत त्याने फ्लॅटची विक्री आताच करून मला गावाकडे नेण्याचा विषय काढला आणि छापील कागद पुढे केला. वर दडपणाचा उल्लेख केला तो हाच. कागदावर सही करण्याऐवजी मी त्याला विचारले की स्वयंपाकघराची लांबी किती. त्याने न अडखळता सांगितली.

कलम नऊ. माझ्या मागे फार खर्च करू नये. माझे चुलत बंधू दहाव्याला येऊन सुनेला चार गोष्टी सुनावतील. त्या वेळी शैलाने आत निघून जावे, चहा इतर कोणी द्यावा. माझ्या कपाटातले तारीख टाकलेले पाकीट उघडून त्यातली बाटली शैलाने घ्यावी. त्या पाकिटावर मी जे लिहिले आहे ते वाचू नये. फाडून टाकावे.

कलम दहा. हे कलम नंतर घातले आहे. म्हणून शाई निळी आहे आणि पाने आठ झाली आहेत.

वरचे सगळे लिहून झाल्यावर मला वाटले, मी मेल्यावर शैला हे वाचणार, आणि तेव्हा तिला माझ्याशी भांडायची सोय राहणार नाही. त्याआधी युवराजने जुनी प्रत आणून दाखवली तर आणखी वाईट. म्हणून रविवारी सकाळी, मानसी क्लासला गेलेली असताना, मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिला कलम दोन आणि चार वाचून दाखवले. ती लसूण सोलत होती. ती सोलायची थांबली नाही.

माझे संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, ते कलम मला माहीत आहे."

मी विचारले, "कुठलं?"

"सहावं. युवराजभावोजींनी दाखवलं होतं मला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. तुम्ही झोपला होतात. म्हणाले, वहिनी, आत्तापासून पुण्याला खोली बघून ठेवा."

दोन वर्षांपूर्वी. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार मी मनात मोजून पाहिला.

मी म्हणालो, "मग तू बोलली का नाहीस? एका वाक्यात सांगता आलं असतं. पिशवी उघडून दाखवायचीस."

"पिशवी उघडली असती तर मिक्सी निघाली असती," ती म्हणाली. "आईंनी मला दवाखान्यात शेवटचं तेवढंच सांगितलं होतं. हे मिक्सी उघडतील, यांना उघडू दे, आणि नंतर तू घेऊन जा. बाकी काहीच मागितलं नाही हो त्यांनी. मग गौतमही गेला. तुमच्याकडे उरलं तरी काय होतं, बाबा? म्हटलं, चोर तर चोर."

ही दोन वर्षे ती मला दोन्ही वेळा ताट वाढत होती, आणि मी पहिला घास घेण्याआधी तो हुंगून पाहत होतो. तिने ते पाहिले असणार. मी तिला विचारले नाही. तिचे पाय धरायला वाकलो तर तिने मला खांद्याला धरून पुन्हा स्टुलावर बसवले आणि म्हणाली, "पडाल."

मग तिने एकच गोष्ट मागितली. ती म्हणाली, "फ्लॅटचं तुम्हाला वाटेल ते लिहा, पण चौथं कलम काढून टाका. मानसीला वाटतं आजोबांना सगळं दुरुस्त करता येतं. तिच्याकडे बाप नाही, निदान ते तरी राहू दे."

मी दोन दिवस विचार केला. म्हणून खालची तारीख वरच्या लिखाणानंतरची आहे. शैलाने माझ्याकडे आजवर काही मागितले नव्हते आणि हे पहिलेच मागणे मी नाकारीत आहे. चौथे कलम राहील. मी गेल्यावर ते मानसीने स्वतः, मोठ्याने, भावकीतली सगळी माणसे बसलेली असताना वाचावे. इंग्रजी तर्जुमा तिला देऊ नये. जोडाक्षरापाशी अडली तर घाई करू नये, आईला विचारून पुढे जावे. तिची आई कोण आहे हे तिला तिच्या स्वतःच्या तोंडून कळावे, एवढीच माझी इच्छा आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, पुन्हा वाचले, आणि त्यातल्या कोणत्याही शब्दाबद्दल मला आता संशय नाही.

मुक्काम काचीगुडा, हैदराबाद. मंगळवार, दिनांक २५ नोव्हेंबर २०२५.

(सही) हिम्मतराव व्यंकटराव बिरादार

आम्हां दोघांसमक्ष हिम्मतराव यांनी वरील सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. (सही) डॉ. सुजाता, शेजारी, तिसरा मजला. सही करण्याआधी त्यांनी माझी नाडी पाहिली.

२. (सही, तेलुगूत) यादगिरी, मिक्सी दुरुस्ती, अफझलगंज. यांना मराठी वाचता येत नसल्याने आठही पाने मी दख्खनीत समजावून सांगितली. चौथे कलम ऐकताना ते म्हणाले, "साब, तेल की बात काट देव ना." काटलेली नाही.